सुभद्राबाईची परीक्षा

डॉक्टर लोक एकत्र जमले की आधी एकमेकांची शुगर विचारतात, मग मुलं कुठे असतात ते विचारतात, आणि मग कोणीतरी खुर्ची मागे सरकवून म्हणतो, "आंबुलकर सर आठवतात का रे?" झालं. त्यानंतर ताटातलं जेवण गार होतं.

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. माळ्यावर जुनी भांडी साठतात तसे ते साठतात. कोणी आणून ठेवलं ते आठवत नाही, टाकून द्यावं असं कोणाला वाटत नाही. आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाकडे आंबुलकर सरांचा एकेक किस्सा आहे आणि प्रत्येकाला वाटतं की आपलाच सगळ्यात भारी.

सगळे हसत हसत सांगतात. मीही हसतो. घरी आल्यावर मात्र मला राग येतो आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. म्हणून आज क्रमानं सांगतो. क्रमानं सांगितलं की हसू कमी येतं, हे माझ्या आता लक्षात आलंय.

*

आमचं कॉलेज हिंगणघाटला, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात सुरू झालं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही. पुढे ते बंद पडलं, आणि नाव लक्षात ठेवावं असं त्यानं काही केलंही नाही. रुईच्या गोदामात बाकं टाकून लेक्चर हॉल केला होता. पंखा लावला की छताच्या लाकडांत अडकलेला कापूस खाली यायचा आणि पहिल्या रांगेतल्या मुली तास संपेपर्यंत म्हाताऱ्या दिसायला लागायच्या.

आंबुलकर सर मेडिसिनचे प्रोफेसर. मुंबईहून आले होते, तिथे कोणाशी तरी भांडून आले होते. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत वर. पहिल्याच लेक्चरला त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. खिडकीजवळ उभे राहून म्हणाले, "गेल्या शतकात अमेरिकेत एक डॉक्टर होता."

आडगावचा डॉक्टर, घोड्यावरून फिरणारा. एका शेतकऱ्याच्या बायकोच्या छातीला त्यानं कान लावला आणि त्याला असा एक आवाज आला जो त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. मग तो रोज त्या घरी जायला लागला. बर्फ पडो, वादळ येवो, रोज कान लावून ऐकायचा. शेवटी त्यानं त्या आवाजावर एक व्याख्यान दिलं. ते इतकं गाजलं की जवळच्या मेडिकल स्कूलनं त्याला प्रोफेसर केलं. ते स्कूलही एका धान्याच्या कोठारात भरायचं. "तुमच्यासारखंच," सर म्हणाले. "त्यांच्याकडे पंखाही नव्हता. त्याच्याकडे फक्त कान होता. तुम्हाला देवानं दोन दिलेत."

त्या अमेरिकन डॉक्टरचं नाव सरांनी कधीच सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "नाव घेऊन काय करणार? त्याला पत्र लिहिणार आहात?"

आमच्या वर्गात केळझरकडचा गावंडे होता. शेतकऱ्याचा मुलगा, बोलणं सरळसोट. तो उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "सर, मंग ते बाई वाचली का?"

सर थांबले. असा प्रश्न असू शकतो हे त्यांना तोवर सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाले, "तो मुद्दा नाही, गावंडे. बसा."

त्या दिवसापासून मेसमध्ये आम्हाला एक वाक्य मिळालं. वरणात डाळ सापडली नाही की, "तो मुद्दा नाही, गावंडे." घरून मनिऑर्डर आली नाही की, "तो मुद्दा नाही, गावंडे." गावंडे स्वतः मात्र हे वाक्य कधी म्हणाला नाही.

*

हा दुसरा किस्सा सरांच्या बाजूचा आहे. तोही सांगितला पाहिजे.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे शेठजी म्हणत. एकदा ते आपल्या बहिणीला घेऊन ओपीडीत आले. जीप दारापर्यंत आणली, सोबत चार माणसं. सर तेव्हा एका मजूर बाईला तपासत होते आणि मागे रांग होती. सरांनी वर न बघता सांगितलं, "रांगेत बसवा त्यांना."

शेठजी हसत म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही ज्याच्यावर बसून राह्यले ना, ते खुर्ची आमच्याच संस्थेची आहे."

सर उठले. खुर्ची उचलली, शेठजींच्या बहिणीजवळ नेऊन ठेवली आणि म्हणाले, "मग यांना बसू द्या त्यावर. मी उभ्यानं तपासतो." अख्खी ओपीडी त्यांनी उभ्यानं केली. बहिणीचा नंबर रांगेतच आला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सर ओपीडीत खुर्चीवर बसले नाहीत. डीन होणं त्यांच्या नशिबात नाही हे त्याच दिवशी ठरलं, आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती.

हा किस्सा सांगताना आमची छाती अजून फुगते. ती तशीच ठेवा थोडा वेळ. पुढे उपयोगी पडेल असं मात्र समजू नका.

*

तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही नाचणगावला कॅम्प घेतला होता. शाळेच्या ओसरीवर टेबलं मांडली, पडवीला चादरी बांधून तपासायची जागा केली. सुभद्राबाई नावाची एक बाई कडेवर मुलगी घेऊन आली. मुलीचा कान फुटला होता. बाई वयानं लहानच, अंगानं बारीक, गालांवर लाली. सगळ्यांना वाटलं, तब्येतीची ठणठणीत आहे.

सरांनी मुलीच्या कानाकडे बघितलंच नाही. ते आईकडे बघत होते. शाळेच्या तीन पायऱ्या चढून आलेली बाई खांबाला धरून उभी होती आणि बोलण्याआधी थांबत होती.

चादरीआड नर्सनं तिला डाव्या कुशीवर झोपवलं. सरांनी स्टेथोस्कोप ठेवला, अगदी हलका. डोळे मिटले. आणि मग सर हसले. आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

हृदयातली एक झडप लहानपणच्या तापानं आखडलेली असली की रक्त अरुंद वाटेनं घरघरत जातं. तो आवाज पुस्तकात सगळ्यांना पाठ असतो, कानाला क्वचित सापडतो. सुभद्राबाईचा आवाज इतका स्वच्छ होता की सरांनी सगळ्या वर्गाला रांगेत उभं केलं. एकेकानं ऐकायचं आणि काय ऐकलं ते सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी गांगरलो. सरांना माझ्या घरचं वर्ध्याचं कापडाचं दुकान माहीत होतं. म्हणाले, "कापडवाले, मीटरनं मोजू नका, कानानं ऐका. दूरच्या लाकडी पुलावरून बैलगाडी चालली आहे. ऐकू येते?"

आली. खरंच आली ऐकू. आयुष्यभर विसरलो नाही.

सुभद्राबाई हे सगळं निमूट ऐकत होती. रांग संपल्यावर तिनं नर्सला विचारलं, "काय वाजून राह्यलं वो माह्या पोटात?"

सरांनी स्वतः सांगितलं, "पोटात नाही, छातीत. पुलावरून बैलाची बंडी गेल्यासारखा आवाज आहे."

ती जरा विचार करून म्हणाली, "मंग ते बंडी बाहेर काढा ना. आत काऊन फिरवून राह्यले?"

सगळे हसले. सरही हसले. मग तिच्याजवळ बसून सरांनी तिला नीट समजावलं. औषधानं दम कमी होईल, पण खरा इलाज ऑपरेशन. ते मुंबईला होतं. तिथे नंबर लावावा लागेल. "नंबर लागला की पाठवू," सर म्हणाले.

ती "बरं" म्हणाली. हे वाक्य तिनं पदराला बांधून ठेवल्यासारखं जपलं. कसं जपलं ते आम्हाला पुढे कळलं.

मुलीच्या कानात थेंब घालायचे राहूनच गेले होते. गावंडेनं नंतर घातले.

*

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. बाहेरच्या माणसाला ती माहीत नसते.

डॉक्टरकीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला खरा पेशंट लागतो. विद्यार्थ्यानं त्याला तपासायचं आणि परीक्षकाला निदान सांगायचं. आता परीक्षेच्याच आठवड्यात चांगली वाढलेली प्लीहा कुठून आणणार? म्हणून चांगल्या चांगल्या "केसेस" ठरलेल्या असत. परीक्षा जवळ आली की आमच्या डिपार्टमेंटचे कारकून वानखेडे गावोगाव पोस्टकार्डं टाकायचे, अमुक तारखेला हजर राहावे. जाण्यायेण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण, वॉर्डात खाट. आर्वीकडचे प्लीहावाले बुवा, देवळीचे लकवावाले मास्तर, आणि नाचणगावची सुभद्राबाई. दरवर्षी तीच माणसं. लग्नात भेटणाऱ्या पाहुण्यांसारखी ती एकमेकांची विचारपूस करायची.

सुभद्राबाई परीक्षेला चांगलं लुगडं नेसून यायची. नवरा किसन पोचवून द्यायचा, मुलगी कांता बरोबर असायची. विद्यार्थी जवळ आला की सांगण्याआधीच ती डाव्या कुशीवर वळायची, डावा हात वर घ्यायची आणि श्वास रोखायची.

मी तोवर पास होऊन त्याच डिपार्टमेंटला लागलो होतो. गावंडेही होता. एका वर्षी परीक्षा आटोपल्यावर सुभद्राबाईनं मला बोलावलं आणि हळूच विचारलं, "कापडवाले डॉक्टर, मी पास झाली का?"

मला वाटलं गंमत करते आहे. तिची गंमत नव्हती.

झालं होतं असं. पहिल्या वर्षी वॉर्डातल्या आयाबाईनं तिला सांगितलं, "उद्या परीक्षा आहे, नीट पडून राहजो." तिनं दोन गोष्टी जोडल्या. मोठे डॉक्टर लांबून येतात, छाती ऐकतात, माना हलवतात, कागदावर मार्क लिहितात. आणि सरांनी सांगितलंय की नंबर लागला की मुंबई. म्हणजे ही नंबराचीच परीक्षा. जो चांगला पास होईल त्याचं ऑपरेशन. यात तिचं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही. आपल्या देशात सगळे नंबर असेच तर लागतात.

नाचणगावात तिचं नाव झालं होतं. सुभद्रा डॉक्टरची परीक्षा देते, दरसाल पास होते. घरी परत गेली की शेजारणींना गूळ वाटायची.

मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते तिच्या खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "सुभद्राबाई, फर्स्ट क्लास."

तिचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर बरं वाटलं. गावंडे मात्र सरांच्या मागोमाग व्हरांड्यात गेला. "सर, तिले खरं सांगून टाका. आन मुंबईले लिहा."

"गोळ्यांवर ती बरी आहे, गावंडे. आणि तिचा उत्साह कशाला घालवता?"

गोळ्यांवर ती खरंच बरी होती. हे सरांच्या बाजूनं सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. पण ऑपरेशन झालं की तो आवाज जाणार होता, आणि तसा आवाज पुन्हा सापडला नसता. हे सर बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, डिपार्टमेंटमधल्या प्रत्येकाला ते कळत होतं.

*

पुढचा किस्सा आमच्या बॅचचा सगळ्यात आवडता. अर्धाच सांगतात. मी पूर्ण सांगतो.

एका वर्षी मोठ्या शहरातून एक नामांकित परीक्षक आले. सफारी सूट, सोबत थर्मास. त्यांनी सुभद्राबाईच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "डॉक्टर आंबुलकर, मला इथे काही ऐकू येत नाही."

सर शांतपणे म्हणाले, "असं का? मग तुम्हाला सोपी केस देऊ का?"

विद्यार्थ्यांनी तोंडं फिरवली. परीक्षक लाल झाले. एवढा किस्सा सांगून आमची बॅच टाळ्या देते आणि पुढच्या ताटाकडे वळते.

पण त्या खोलीत आणखी एक माणूस होतं. सुभद्राबाईनं परीक्षकांची हललेली मान पाहिली. मोठ्या सायबानं नाई म्हटलं. नापास.

जिना चढला की दम लागतो आणि आवाज मोठा होतो, हे तिला ठाऊक होतं. सरच कधीकधी विद्यार्थ्यांसाठी तिला थोड्या पायऱ्या चढायला लावायचे. परीक्षक चहाला गेले तशी ती खाटेवरून उतरली आणि गोदामाचा लोखंडी जिना एकटीच चढून गेली, उतरली, पुन्हा चढली. कोणाचं लक्ष नव्हतं. चहानंतर परीक्षकांनी पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "हो, आता स्पष्ट आहे." तिनं डोळे मिटले. तिला फार समाधान वाटलेलं दिसत होतं.

संध्याकाळी गावंडे वॉर्डात गेला तेव्हा छोट्या कांतानं त्याला आईचा पदर दाखवला. आतल्या बाजूनं त्यावर रक्ताचे डाग होते. खोकल्यातून पडलेलं रक्त तिनं दिवसभर लपवलं होतं.

"सांगू नका कोणाले," सुभद्राबाई म्हणाली. "मार्क कापतील."

*

त्यानंतर गावंडेनं सरांची पाठ सोडली नाही. राउंडला, ओपीडीत, जेवणाच्या सुट्टीत, एकच धोशा. सरांनी शेवटी मुंबईच्या आपल्या जुन्या मित्राला लिहिलं. मित्र मोठा सर्जन होता. सरांशी भांडण नसलेला मुंबईतला तो बहुधा एकटाच. उत्तर आलं, पाठवा. तारीखही आली.

तारीख परीक्षेच्याच आठवड्यातली होती.

दुसऱ्या दिवशी आम्हाला खोलीत बोलावून म्हणाले, "मी त्याला पुढची तारीख मागतो. परीक्षा झाली की लगेच पाठवू. युनिव्हर्सिटीचे लोक येणार आहेत, कॉलेजच्या मान्यतेचा प्रश्न आहे. ऐन वेळी दुसरी केस कुठून आणायची?"

गावंडे उभाच होता. त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, ते बाई वाचंन का?"

मी सरांकडे बघितलं. इतक्या वर्षांत मेसमध्ये आम्ही हजार वेळा वापरून गुळगुळीत केलेलं ते वाक्य सर आता म्हणतील असं मला वाटलं, आणि म्हणू नये असंही वाटलं.

सर म्हणाले, "तो मुद्दा नाही, गावंडे."

त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. आम्ही बाहेर आलो. मेसमध्ये त्या दिवसानंतर ते वाक्य कोणी वापरलं नाही.

*

परीक्षा उत्तम झाली. सुभद्राबाईला आडवं पडवत नव्हतं म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू वर केली होती. ज्याच्या वाट्याला ती आली त्या प्रत्येकाला निदान जमलं. युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कॉलेजचं कौतुक केलं. त्या वर्षी आमच्या विषयात कोणीच नापास झालं नाही.

तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. सर तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. "पहिली आलीस, सुभद्राबाई. आता मुंबई."

"खरंच?"

"खरंच. तारीख आली की निरोप देतो. घरी जाऊन कपडे बांधून ठेव."

ती किसनबरोबर एसटीनं नाचणगावला गेली. जाताना कांता दारातून सगळ्यांना सांगत होती, "माह्या मायचा नंबर लागला. आम्ही मुंबईले चाललो."

मुंबईचं पत्र पंधरवड्यात आलं. सुभद्राबाईला आणायला गावंडे स्वतः गेला. दुपारी परत आला तो एकटाच. सर ओपीडीत उभे होते, नेहमीसारखे, खुर्ची रिकामी. गावंडे रांगेच्या पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "आता मुद्दाच राह्यला नाई."

सरांना कळलं. ते त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बसले मात्र नाहीत. मग त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. आजही ती खुर्ची आठवली की येतो. शेठजींच्या बहिणीला रांगेत बसवणारा माणूस हाच, हे मला कोणीतरी पटवून द्यावं.

गावंडेनं त्या महिन्यात नोकरी सोडली आणि केळझरला दवाखाना टाकला. आमच्या जेवणांना तो येत नाही. बोलावलं तर म्हणतो, "तुम्ही हसा बाप्पा. मले नाई जमत."

*

त्याच साली कॉलेजनं सरांचा सत्कार केला. उत्कृष्ट शिक्षक म्हणून शाल, श्रीफळ. सत्कार शेठजींच्या हस्ते. गोदाम भरलेलं, वरून कापूस उडत होता. सरांना बोलायला उभं केलं.

"गेल्या शतकात अमेरिकेत एक डॉक्टर होता," सरांनी सुरुवात केली. जुन्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना कोपरं मारली. आता घोडा येणार, बर्फ येणार.

घोडा आला नाही. सर म्हणाले, "त्याचं ते व्याख्यान मी पुन्हा काढून वाचलं. आवाजाचं वर्णन पानंच्या पानं आहे. त्या बाईचं पुढे काय झालं, ते त्यानं कुठेही लिहिलेलं नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. लोकांना वाटलं भाषण संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

*

शेवटचा किस्सा कोणी सांगत नाही, कारण तो पाहायला खोलीत सर आणि मी दोघंच होतो.

पुढच्या वर्षीची परीक्षा आली. वानखेडे कारकुनांनी नेहमीच्या सवयीनं सगळी पोस्टकार्डं टाकली. नाचणगावचंही टाकलं. कोणी त्यांना नाव काढायला सांगितलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी किसन आला. हातात ते कार्ड, आणि सोबत कांता. आता चांगली उंच झाली होती. केसांना तेल, लाल रिबिनी, धुतलेला फ्रॉक.

"पत्र आलं म्हणून आलो," किसन सरांना म्हणाला. "बाई तं नाई राह्यली. पोट्टीले आणलं."

सरांनी कार्ड हातात घेतलं. मीच म्हणालो, "चुकून गेलं कार्ड, किसनभाऊ. माफ करा."

"नाई, बरंच झालं," तो म्हणाला. "विहिरीवरून पाणी आणते तं इलेही दम लागते. मायसारखाच. मले भेव वाटते. मायचा नंबर लागला होता ना मुंबईचा? तिची तं जायची राह्यली. तो नंबर वाया काऊन जाऊ द्याचा? इले देऊन टाका. आधी परीक्षा घ्या लागत असंन तं घ्या."

सरांनी कांताला खाटेवर बसायला सांगितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती डाव्या कुशीवर वळली, डावा हात वर घेतला आणि श्वास रोखला. तिच्या आईसारखं, अगदी तस्सं.

सरांचा हात स्टेथोस्कोपवर थांबला. मग त्यांनी ऐकलं. कुशीवर, उताणं, बसवून, पाठीवरून. कुठल्याही पेशंटला त्यांनी इतका वेळ ऐकलेलं मी पाहिलं नाही. शेवटी त्यांनी कानातून नळ्या काढल्या. डोळे भरले होते.

"काही नाही, किसन," ते म्हणाले. "काहीसुद्धा नाही. एकदम स्वच्छ हृदय आहे. घागर मोठी असेल म्हणून दम लागतो. हिला मुंबईला न्यायची गरज नाही."

किसनचा चेहरा उतरला. त्यानं मुलीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कांता खाटेवरून उतरून मान खाली घालून बापाजवळ उभी राहिली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरांपुढे वाकून म्हणाला,

"लहान आहे सायेब. मायच्या सोबत येत होती तवा नुसती खेळत राहे, ध्यान नाई दिलं. या खेपेले नापास नका करू. पुढच्या साली तयारी करून आणतो."